गरोदरपणातला हर्बल चहा: डब्याची मागची बाजू वाचा

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, चौदावा आठवडा चालू असलेल्या एका मुलीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "सासूबाई साताऱ्याहून आल्यापासून रोज सकाळी तुळस, आलं, गवती चहा आणि ज्येष्ठमध घालून काढा करून देतात. ऑफिसात दूध नको वाटतं म्हणून दोन-तीन कप ग्रीन टी होतो. आता नणंदेने 'प्रेग्नन्सी हर्बल टी'चा डबा आणून दिलाय, त्यात अकरा वनस्पती आहेत. यातलं काय चालेल? आणि पहिले तीन महिने मी हे सगळं घेतलंय, बाळाला काही झालं असेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. तुम्ही लिहिलंय तेवढ्या प्रमाणात हे घेतल्याने बाळात व्यंग निर्माण झालं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात ॲनॉमली स्कॅन सगळ्यांचाच होतो, तसा तुमचाही होईल. काढ्यामुळे वेगळी सोनोग्राफी करायची गरज नाही. झालं ते झालं. आता पुढचं बघू.

सत्तावीस वर्षं मी पुण्यात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करते आहे. पूर्वी "चहा चालेल ना हो?" एवढंच विचारायच्या. आता पर्समधून चकचकीत डबा निघतो. तो मी टेबलावर उपडा करते, कारण पुढच्या बाजूला फुलं आणि पोट धरून बसलेली बाई असते आणि कामाचा मजकूर मागे, मुंगीच्या अक्षरात असतो. मागच्या महिन्यात एकीचा डबा असाच भिंगाखाली धरला. बडीशेप, वेलची, गुलाबपाकळ्या, सगळं गोड गोड. आठव्या क्रमांकावर 'कॅशिया अँगुस्टिफोलिया'. तिला वाटलं दालचिनीचाच काही प्रकार असेल. ती होती सोनामुखी, म्हणजे जुलाबाचं औषध. बाई खूश होती, म्हणे या चहाने पोट छान साफ होतं. होणारच.

म्हणून 'हर्बल' या शब्दावरून मी काहीच ठरवत नाही. त्याचा अर्थ एवढाच की आत झाडपाला आहे. गवती चहाही झाडपाला आणि सोनामुखीही झाडपालाच. मी दोनच गोष्टी विचारते. आत नेमकं काय आहे, आणि ते फोडणीच्या मापाने पडलंय की औषधाच्या?

दुसरा प्रश्न तुमच्या सासूबाईंच्या पातेल्यापासून सुरू होतो. चहाच्या आधणात गवती चहाच्या दोन पाती, आल्याचा नखाएवढा तुकडा, तुळशीची चार पानं टाकली, एक उकळी आली, गाळलं. हे स्वयंपाकघरातलं माप. वास येतो, चव येते, तेवढंच. पण चार कप पाणी घालून मंद आचेवर ते एक कप उरेपर्यंत आटवलं, तर तो आयुर्वेदाच्या भाषेत चतुर्थांश काढा झाला. ते औषध आहे आणि औषध म्हणूनच दिलं जातं, ठरावीक दिवस, ठरावीक तक्रारीसाठी. आपल्याकडे काय झालं, २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा क्वाथ सुचवला, त्यात माप दिलं होतं, ३ ग्रॅम पूड आणि दीडशे मिली गरम पाणी. घरोघरी माप गळालं आणि काढा उरला. त्या वर्षी माझ्या ओपीडीत छातीत आग आणि तोंड आलेल्या गरोदर बायकांची रांग लागली होती. गरोदरपणात अन्ननलिकेच्या खालची झडप आधीच सैल पडते, त्यात मिरी आणि सुंठ दिवसातून चार वेळा. दुसरं काय होणार?

तर तुमच्या काढ्यातल्या चार गोष्टी.

आलं चालेल. चालेल काय, सकाळच्या मळमळीवर ते उपयोगी आहे आणि एसीओजी ही अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही औषधांआधी करून बघायच्या उपायांत ते सुचवते. अभ्यासांत साधारण दिवसाला १ ग्रॅम सुंठ वापरली गेली, चार वेळा विभागून. म्हणजे सपाट अर्धा चमचा पूड, अख्ख्या दिवसात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील (वारंवार गर्भपात झालेल्या काहीजणींना आम्ही ती देतो) तर मात्र आल्याचं प्रमाण डॉक्टरांना सांगून ठेवा.

गवती चहाच्या दोन-तीन पाती चालतील. त्याचं तेल किंवा अर्क पोटात घ्यायचा नाही.

तुळशीची चार-पाच पानं चालतील. उंदरांना तुळशीचा अर्क मोठ्या मात्रेत दिल्यावर गर्भ रुजण्यावर परिणाम झालेला दिसला, त्यामुळे तुळशीच्या कॅप्सूल आणि दिवसातून तीनदा घ्यायचे थेंब मी बंद करायला लावते. वृंदावनातली चार पानं म्हणजे तो अर्क नव्हे.

ज्येष्ठमध मात्र काढून टाका. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या घरांत याला कोणी औषधच समजत नाही. घसा बसला, ज्येष्ठमध. खोकला आला, ज्येष्ठमध. गोड लागतं, मुलंही चघळतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसावा आठवडा, दुसरं बाळंतपण, आधीचं सगळं सुरळीत. आली तेव्हा बीपी १५० वर ९६. पायावर सूज. पहिल्यांदा डोक्यात येतं ते गरोदरपणातलं बीपी, प्री-एक्लॅम्प्सिया. लघवी तपासली, प्रथिनं नाहीत. यकृताच्या तपासण्या ठीक, प्लेटलेट ठीक. फक्त पोटॅशियम कमी, ३.१. ते काही चित्रात बसेना. मी गोळी सुरू केली, चार दिवसांनी बोलावलं. तेव्हा तिच्या आईने सहज सांगितलं, "घसा धरलाय ना तिचा, मी आपली दोन वेळा ज्येष्ठमधाचं पाणी देतेय, तीन आठवडे झाले." मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो आणलं होतं. ते थांबवलं. पोटॅशियम आठवड्याभरात वर आलं, बीपी उतरायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. चूक माझी होती. काय गोळ्या घेता हे मी विचारलं होतं, काय पिता हे विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर तो एक रकाना वाढलाय.

असं का होतं? ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं, गोडवा त्याचाच. शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक असतं आणि ते निष्प्रभ करणारं एक एन्झाइम मूत्रपिंडात असतं. ग्लिसिरायझिन ते एन्झाइम बंद पाडतं. मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम सोडून देतं आणि बीपी चढतं. तेच एन्झाइम वारेतही असतं. तिथे त्याचं काम आईचं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जाऊ न देणं. दार राखणाराच झोपला तर बाळाकडे जास्त कॉर्टिसॉल पोचतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या लोक भरपूर खातात, त्यामुळे तिथे हे बारकाईने पाहिलं गेलं. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या आयांची मुलं साधारण बारा-तेरा वर्षांची झाल्यावर बुद्धिमापन चाचणीत सरासरी ७ गुणांनी मागे होती आणि लक्ष न लागण्याच्या, चंचलपणाच्या तक्रारीही जास्त होत्या. हे निरीक्षण आहे, शंभर टक्के सिद्ध कार्यकारणभाव नाही. पण हिशेब करून बघा. चांगल्या मुळात ग्लिसिरायझिन ४ टक्के तरी असतं. रोज दोन ग्रॅम पूड, म्हणजे लहान चमचाभर, आठवड्याला १४ ग्रॅम. त्यात ५६० मिलिग्रॅम. सगळं पाण्यात उतरत नाही असं धरलं तरी आपण त्या आकड्याच्या आसपासच घुटमळतोय.

इथे एखादे वैद्य मला अडवतील आणि त्यांचं बरोबरही असेल. गर्भिणीच्या मासानुमासिक योगांत, म्हणजे आयुर्वेदाने महिन्यागणिक सांगितलेल्या औषधांत, पहिल्याच महिन्यात ज्येष्ठमध सांगितलंय. मान्य. माझ्या दोन वैद्य मैत्रिणींशी यावर मी भरपूर वाद घातलाय. पण त्याही मला हेच सांगतात की ते दुधात सिद्ध करून, मोजून, प्रकृती बघून द्यायचं असतं. बरणीतून मुठीने काढून तीन आठवडे उकळायचं असं कोणी लिहिलेलं नाही. उलट गर्भिणीला तीक्ष्ण आणि उष्ण द्रव्यं टाळायला आयुर्वेदच सांगतो, आणि आपले हल्लीचे काढे असतात तेच, तीक्ष्ण आणि उष्ण. तरीही माझं मत विचाराल तर वारेतल्या एन्झाइमबद्दल आज जे माहीत आहे ते माहीत असताना मी गरोदर बाईला रोजचं ज्येष्ठमध सुचवणार नाही. घसा दुखतोय म्हणून खोकल्याची एखादी गोळी चघळलीत आणि त्यात ते निघालं, तर घाबरून फोन करू नका.

आता ग्रीन टी. हा हर्बल नाहीच. ज्या झुडपाचा आपला नेहमीचा चहा, त्याच झुडपाची ही पानं, फक्त कमी प्रक्रिया केलेली. तेव्हा कॅफीन आहेच, कपाला साधारण ३० मिलिग्रॅम, पान किती वेळ बुडवलं त्यावर कमी-जास्त. घरच्या दुधाच्या चहात ३० ते ५०, कॉफीत त्याहून जास्त. एसीओजीने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटना ३०० च्या वर जाणाऱ्यांना कमी करायला सांगते. मी २०० धरते. तुमचे तीन कप ग्रीन टी आणि घरचा एक चहा धरून तुम्ही आतच आहात. अमृततुल्यचा कप तर केवढासा असतो, त्याच्यावरून कोणी गरोदर बाईला बोल लावू नये.

मात्र संध्याकाळी पाचनंतरचा ग्रीन टी बंद करा. एरवी कॅफीन निम्मं उतरायला पाचएक तास लागतात. शेवटच्या तिमाहीत हेच पंधरा तासांपर्यंत लांबतं. "डॉक्टर, झोपच येत नाही" म्हणणाऱ्या निम्म्याजणींकडे संध्याकाळचा कप सापडतो. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, वजन कमी करायच्या म्हणून विकतात त्या, अजिबात नकोत. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

ग्रीन टीबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे, ती लोहाची. चहातली पॉलिफिनॉल्स अन्नातलं लोह धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. हिंजवडीतल्या पगारदार मुलीही यातून सुटलेल्या नाहीत, हिमोग्लोबिन साडेनऊ बघून त्यांना धक्का बसतो. आणि 'कॅफीन नाही म्हणजे झालं' असं समजणाऱ्यांसाठी: १९९९ मधल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर घेतलेल्या पेपरमिंटच्या चहाने लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी घटवलं, कॅमोमाइलने ४७ टक्क्यांनी. साध्या चहाइतकाच पेपरमिंट वाईट. दूध घालूनही फारसा फरक पडला नाही. तेव्हा कुठलाही चहा, हर्बल असो की पुण्याचा, जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास काहीच नाही, काढासुद्धा नाही. लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. थायरॉइडचा आकडा हलत नाही म्हणून डोस वाढवत नेलेली एक पेशंट शेवटी गोळी चहाबरोबर घेत होती, असंही झालंय.

नणंदेचा डबा. अकरा नावं तुम्ही लिहून पाठवली नाहीत, त्यामुळे ते काम तुमच्याकडे. डब्यावर बहुतेक लॅटिन नावं असतात. 'ग्लिसिऱ्हायझा ग्लाब्रा' म्हणजे ज्येष्ठमध. 'विथानिया सोम्निफेरा' म्हणजे अश्वगंधा, ती 'शांत झोपे'च्या आणि 'इम्युनिटी'च्या चहांत सर्रास असते आणि गरोदरपणात नको. 'कॅशिया अँगुस्टिफोलिया' किंवा 'सेना' दिसलं तर सोनामुखी. 'हिबिस्कस' म्हणजे जास्वंदीच्या कुळातलं, लाल आंबट चहा, तोही या नऊ महिन्यांत नको. 'डिटॉक्स', 'स्लिम' असं पुढे लिहिलेलं असेल तर मागे वाचायचेही कष्ट घेऊ नका. वेलची, बडीशेप, गुलाब, लिंबाची साल, पुदिना एवढंच असेल तर दिवसाला एखादा कप खुशाल घ्या. बडीशेपही मुखवासाच्या मापाने, चमचे चमचे उकळून नको. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून नावंच दिली नसतील तर तो डबा मी घेणार नाही.

आणखी एक, साखर. झटपट गवती चहा म्हणून जी पूड मिळते तिच्यात घटकांमधलं पहिलं नाव बहुतेक वेळा साखरच असतं. तुमची ग्लुकोजची तपासणी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा होईल, तेव्हा हे कप मोजायला विसरू नका. मध चालतो, पण मधही साखरच.

कॅमोमाइल अधूनमधून एखादा कप ठीक. शेवटच्या तिमाहीत रोज घेतल्यावर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आक्रसल्याच्या तुरळक नोंदी आहेत, म्हणून तेव्हा नको.

तुम्ही विचारलं नाही, पण आठव्या महिन्यात कोणीतरी बाळंतपण सोपं जातं म्हणून रास्पबेरीच्या पानांचा चहा सुचवेल. अमेरिकन ॲप वाचणाऱ्या माझ्या पेशंट तो ऑनलाइन मागवतात. २००१ साली ऑस्ट्रेलियात १९२ बायकांवर याच्या गोळ्यांचा अभ्यास झाला. कळांचा पहिला टप्पा कमी झाला नाही, दुसरा सरासरी जेमतेम दहा मिनिटांनी. एवढ्यासाठी एवढे पैसे? आधीचं सिझर असेल, कळा लवकर सुरू झाल्या असतील, जुळं असेल, तर मी तो घेऊच देत नाही.

आपल्याकडचा देशी प्रकार त्याहून वाईट आहे, चहात एरंडेल. नववा महिना भरला, कळा येत नाहीत, मग घरातली कोणी मोठी बाई पहाटे गरम चहात दोन चमचे एरंडेल घालून देते. कळा येतातही कधी. पण आधी जुलाब येतात, उलट्या येतात, अंगातलं पाणी जातं, आणि बाळाने पोटात शी केली तर पुढची धावपळ आम्ही आणि तुम्ही मिळून करतो. रात्री दोनला आलेल्या पेशंटला "आज काय काय प्यायलात?" विचारल्यावर नवरा भिंतीकडे बघायला लागला की मी समजते. पोटात दर दहा मिनिटांनी आवळून येतंय, अंगावरून जातंय, डोकं ठणकतंय, बाळाची हालचाल मंदावलीय, यातलं काहीही असेल तर काय प्यायलात ते न लाजता सांगा. रागावायला आम्हाला वेळ नसतो.

बाळंतकाढा, अळीव, बाळंतशोपा हे सगळं नावाप्रमाणे नंतरचं. आपल्या आज्यांनी ही वाटणी बरीच नीट केली होती. पोटुशीला अळिवाचा लाडू द्यायचा नाही, बाळंतिणीला द्यायचा. ती मोडते आपली घाई, आठव्या महिन्यातच 'सगळं आणून ठेवलंय' म्हणून सुरू करणारी.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. काढा करू नका असं त्यांना सांगू नका. त्या पहाटे उठून करतात, त्यात माया आहे, आणि तुम्हाला त्यातली उब हवीही आहे. आधण पाच मिनिटांत उतरवा एवढं सांगा. आलं, गवती चहा, तुळशीची चार पानं, एक कप, नाश्त्यानंतर तासाभराने. माझं नाव खुशाल पुढे करा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणा, वाईटपणा आमच्या धंद्यात धरलेलाच आहे. ज्येष्ठमधाची बरणी त्यांना परत द्या, त्यांच्या घशासाठी. फक्त आधी त्यांचं बीपी विचारा. साताऱ्याहून येताना त्यांनी गोळ्यांची पिशवी आणली असेल आणि तिच्यात बीपीची गोळी असेल, तर ती बरणी त्यांच्याही कामाची नाही.